बीएला समाजशास्त्र घेताय? मग इब्न खल्दून यांची ही कहाणी वाचाच

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. सायन्सच्या पोराचं पुढे काय करायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कॉमर्सच्या मुलीसाठी बँक, सीए, टॅली अशी नावं तयार असतात. पण एखाद्या मुलीनं आपण बीएला समाजशास्त्र घेणार असं सांगितलं, की बैठकीत शांतता पसरते. अब्बा अम्मीकडे बघतात. मामू विचारतात, हे शिकून पुढे काय? शेवटी कुणीतरी म्हणतं, घेऊ द्या, सोपा विषय आहे, पास तर होईल.

खरं सांगायचं तर कॉलेजातही अनेकदा तसंच घडतं. दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून समाजशास्त्र घ्यायचं, परीक्षेच्या महिनाभर आधी गाईड आणायचं, व्याख्या पाठ करायच्या आणि पेपर देऊन मोकळं व्हायचं. तीन वर्षं जातात, पदवी मिळते. पण आपण ज्या मोहल्ल्यात राहतो तो असा का आहे, हा साधा प्रश्नही त्या तीन वर्षांत कुणी विचारत नाही.

पहिल्या वर्षाच्या पुस्तकात बहुतेक वेळा पहिलं नाव येतं ते ऑगस्ट कॉम्त यांचं. एकोणिसाव्या शतकात या फ्रेंच विचारवंतानं या शास्त्राला आजचं नाव दिलं, हे खरंच आहे. पण कॉम्त यांच्या जन्माच्या चारशेहून जास्त वर्षं आधी उत्तर आफ्रिकेतल्या एका मुस्लिम विद्वानानं लिहून ठेवलं होतं की, माणसं एकत्र कशी राहतात याचं एक वेगळं शास्त्र असायला हवं. त्यांनी त्याला नावही दिलं होतं, इल्म अल-उमरान, म्हणजे मानवी वस्तीचं, समाजाचं शास्त्र. त्या विद्वानाचं नाव अब्दुर्रहमान इब्न खल्दून.

आपल्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलेलं असतं. भाषणांत ते अभिमानानं घेतलंही जातं. पण हा माणूस शिकला कसा, त्यानं काय सोसलं आणि हे शास्त्र त्याला कुठं सापडलं, हे फार कमी जणांना माहीत असतं. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

ट्युनिसमधलं एक घर

इब्न खल्दून यांचा जन्म १३३२ साली ट्युनिस शहरात झाला. हिजरी सन ७३२, रमजानचा पहिला दिवस. त्यांचं घराणं मूळचं येमेनमधल्या हद्रमौतचं. तिथून ते अंदलूसला, म्हणजे आजच्या स्पेनला गेलं आणि सेव्हिल शहरात मोठ्या हुद्द्यांवर पोहोचलं. १२४८ साली सेव्हिल कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेलं. त्याच्या आधीच हे कुटुंब समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आलं होतं.

ट्युनिसमध्येही घराण्याला मान मिळाला. पण दरबारी मान किती बेभरवशाचा असतो, हे या घरानं जवळून पाहिलं होतं. इब्न खल्दून यांचे पणजोबा राज्याच्या खजिन्याचे प्रमुख होते. सत्ता पालटली, त्यांची संपत्ती जप्त झाली आणि त्यांना ठार मारण्यात आलं. पुढे इब्न खल्दून यांच्या वालिदांनी दरबाराकडे पाठ फिरवली आणि अभ्यासाचा रस्ता धरला.

मुलाची तालीमही त्याच रीतीनं झाली. आधी कुरआनचं हिफ्ज, मग अरबी व्याकरण, शायरी, हदीस आणि मालिकी फिकह. त्या काळातल्या चांगल्या घरातल्या मुलाचा हा नेहमीचा अभ्यासक्रम होता. एवढ्यावरच गाडी राहिली असती तर अब्दुर्रहमान एक चांगले आलिम किंवा काझी झाले असते. पण ते पंधरा वर्षांचे असताना दोन गोष्टी घडल्या. एकीनं त्यांचं डोकं उघडलं, दुसरीनं त्यांचं घर रिकामं केलं.

उस्ताद आले आणि पाठोपाठ प्लेगही

१३४७ साली मोरोक्कोचा मरिनी सुलतान अबुल हसन यानं ट्युनिस जिंकलं. त्याच्या लवाजम्यात विद्वानांचा मोठा ताफा होता. त्यातले एक होते अल-आबिली. गणित, तर्कशास्त्र आणि फलसफा हे त्यांचे विषय. सरकारी नोकरी टाळण्यासाठी ते एके काळी लपून राहिले होते, आणि त्या काळात फेस शहरातल्या एका यहुदी विद्वानाकडे गणित शिकले होते. इल्म ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घ्यायचं, असा हा उस्ताद. अब्दुर्रहमान त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले.

इतक्यात काळा मृत्यू म्हणून ओळखला जाणारा प्लेग आला. १३४८-४९ मध्ये त्यानं भूमध्य समुद्राभोवतीची शहरंच्या शहरं ओस पाडली. ट्युनिसही सुटलं नाही. अब्दुर्रहमान यांचे आई-वडील दोघंही त्यात गेले. अनेक उस्ताद गेले. मुलाचं वय तेव्हा सतराच्या आसपास. म्हणजे आपल्याकडची पोरं ज्या वयात बारावीला असतात, त्या वयात त्यांच्यासमोर घर, वर्ग आणि शहर अशा तिन्ही गोष्टी कोसळल्या.

कोरोनाच्या काळात आपल्यातल्या कितीतरी मुलांनी असंच काहीसं पाहिलं आहे. जनाजे उठताना पाहिले, शाळा बंद होताना पाहिल्या. त्यामुळे हे दुःख समजावून सांगायची गरज नाही. पुढे कित्येक वर्षांनी इब्न खल्दून यांनी लिहिलं तेव्हा या साथीची नोंद त्यांनी फक्त आपल्या घरचं संकट म्हणून केली नाही. माणसं कमी झाली की वस्त्या कशा उजाड होतात, रस्ते आणि खुणा कशा पुसल्या जातात, राज्यं कशी खिळखिळी होतात, हे त्यांनी मांडलं. जणू सारं जगच बदलून गेलं आणि म्हणून त्याची नव्यानं नोंद करायला हवी, असं त्यांना वाटलं. आपलं दुःख विसरायचं नाही, पण त्यातून सगळ्या समाजाचं काय झालं हेही बघायचं, ही सवय त्यांना तिथं लागली असावी, असं आम्हाला वाटतं.

उस्ताद अल-आबिली मात्र वाचले आणि काही काळ ट्युनिसमध्येच राहिले. त्यांच्याकडे अभ्यास चालू राहिला. १३५१ साली, वयाच्या साधारण एकोणिसाव्या वर्षी, अब्दुर्रहमान यांनी आपली पहिली पुस्तिका पूर्ण केली. फख्रुद्दीन राझी यांच्या एका अवघड ग्रंथाचा तो सारांश होता. आजच्या भाषेत म्हणायचं तर विद्यार्थ्यानं शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेला प्रकल्प. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली ती वही आजही स्पेनमधल्या एस्कोरियालच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. पदवीच्या वर्गातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. सगळ्या जगानं वाचलेला ग्रंथ लिहिणाऱ्या माणसानंही सुरुवात केली ती दुसऱ्याचं पुस्तक नीट समजून घेण्यापासून.

दरबार, तुरुंग आणि उंदराची गोष्ट

अल-आबिली फेसला निघून गेले तेव्हा अब्दुर्रहमान यांनाही त्यांच्या मागे जायचं होतं. थोरल्या भावानं त्या वेळी अडवलं. ट्युनिसच्या दरबारात शाही कागदांवर सुलतानाचं शिक्कावजा बोधवाक्य लिहिण्याची नोकरी मिळाली. पण जीव अभ्यासात अडकलेला होता. संधी मिळताच त्यांनी ट्युनिस सोडलं आणि १३५४ साली ते फेसच्या दरबारात पोहोचले.

फेसमध्ये मोठमोठ्या विद्वानांची संगत मिळाली. पण महत्त्वाकांक्षाही वाढली. सत्तेवरून दूर केलेल्या एका अमीराशी संधान बांधल्याचा संशय आला आणि १३५७ साली त्यांना तुरुंगात टाकण्यात आलं. सुलतान अबू इनान मरेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन वर्षं, ते आतच होते.

याच फेस शहराचा एक किस्सा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जगप्रवासी इब्न बतूता त्याच काळात प्रवासाहून परतले होते आणि हिंदुस्तानच्या गोष्टी सांगत होते. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक, म्हणजे खुलताबादला जाताना वाटेत दिसणाऱ्या दौलताबादला ज्यानं राजधानी हलवली तोच, सफरीवर निघताना प्रजेला सहा महिन्यांचं धान्य कसं देतो आणि परतल्यावर लोकांवर पैसे कसे उधळतो, असं ते सांगायचे. दरबारातले लोक हळूच कुजबुजायचे की हा माणूस थापा मारतो.

तरुण इब्न खल्दून यांनाही तसंच वाटलं. त्यांनी ही शंका वझीराला बोलून दाखवली. वझीरानं त्यांना एक गोष्ट सांगितली. एक वझीर मुलासकट तुरुंगात पडला. मुलगा तिथंच वाढला. कळता झाल्यावर तो विचारू लागला की आपण हे गोश्त खातो ते कशाचं? बापानं सांगितलं, मेंढीचं. मेंढी कशी असते, तेही समजावलं. पण मुलाला पटेना. मेंढी म्हणजे उंदरासारखीच ना, असं तो पुन्हा पुन्हा विचारायचा. कारण तुरुंगात त्यानं उंदराशिवाय दुसरा प्राणीच पाहिला नव्हता.

ही गोष्ट इब्न खल्दून यांनी आयुष्यभर लक्षात ठेवली आणि आपल्या ग्रंथात नोंदवली. त्यातून त्यांनी एक नियम काढला. आपण पाहिलं नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. आणि पुस्तकात छापली आहे, मोठ्या माणसानं सांगितली आहे, म्हणून खरीही ठरत नाही. ती गोष्ट त्या जागी, त्या काळी, त्या लोकांमध्ये घडू शकेल का, हे तपासायचं. जुन्या इतिहासकारांनी सहा लाखांच्या फौजा लिहून ठेवल्या होत्या. इब्न खल्दून यांनी विचारलं की एवढी माणसं उभी कुठं राहणार, त्यांना खायला कोण घालणार, आणि एका टोकाला काय चाललंय हे दुसऱ्या टोकाला कळणार कसं?

व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी हेच तीन प्रश्न विचारले, तर आपल्या किती अडचणी कमी होतील बघा. समाजशास्त्राच्या वर्गात संशोधन पद्धती नावाचा जो पेपर मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, त्याचं मूळ हेच आहे.

सेव्हिलच्या वाड्याचं आमिष

तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा पदं मिळाली, पुन्हा गेली. १३६२ साली इब्न खल्दून समुद्र ओलांडून ग्रॅनडाला गेले. तिथला सुलतान मुहम्मद पाचवा आणि त्याचा विद्वान वझीर इब्न अल-खतीब यांच्याशी त्यांची आधीपासून ओळख होती. सुलतानानं त्यांना वकील म्हणून कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडे पाठवलं. राजाचा मुक्काम होता सेव्हिलमध्ये, म्हणजे इब्न खल्दून यांच्या पूर्वजांच्या शहरात.

राजा त्यांच्यावर इतका खूश झाला की त्यानं एक प्रस्ताव ठेवला. इथंच राहा, तुमच्या वाडवडिलांची मालमत्ता परत देतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी गेलेलं घर परत मिळत होतं. इब्न खल्दून यांनी नम्रपणे नकार दिला, तहाचं काम पूर्ण केलं आणि ते परतले.

त्यानंतरची दहा वर्षं मात्र धावपळीत गेली. बिजायामध्ये ते सर्वात वरच्या हुद्द्यावर गेले आणि वर्षभरातच तिथला अमीर लढाईत मारला गेला. कधी या सुलतानाकडे, कधी त्याच्या शत्रूकडे, अशी त्यांची ये-जा चालू राहिली. त्यांनी बाजू अनेकदा बदलली, हे लपवायचं कारण नाही. ते राजकारणातले हिशेबी माणूस होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

पण याच काळात एक काम त्यांच्या वाट्याला आलं आणि त्याचा उपयोग पुढे झाला. सुलतानांसाठी करवसुली करायला आणि टोळ्यांना आपल्या बाजूला वळवायला त्यांना डोंगरात, वाळवंटात, अरब आणि बर्बर टोळ्यांमध्ये जावं लागायचं. ते त्यांच्या तंबूत राहिले. कोण कुणाच्या हाकेला धावतो, कोण कुणाशी सोयरीक करतो, भुकेच्या वर्षी कोण टिकतं, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आज बीएच्या मुलांना क्षेत्रभेटीला पाठवतात आणि मुलं सहलीसारखी जाऊन येतात. इब्न खल्दून यांची क्षेत्रभेट अनेक वर्षं चालली आणि त्यात जिवाचा धोकाही होता.

१३७४ साली त्यांचे दोस्त इब्न अल-खतीब यांना फेसच्या तुरुंगात मारण्यात आलं. राजकारणाचा त्यांना उबग आला होता.

किल्ल्यातली चार वर्षं

१३७५ साली त्यांनी आजच्या अल्जीरियातल्या एका टोळीचा आसरा घेतला. कलअत इब्न सलामा नावाच्या एकाकी किल्ल्यात ते कुटुंबासह जवळपास चार वर्षं राहिले. तिथं दरबार नव्हता आणि मोठं ग्रंथालयही नव्हतं. त्यांना इतिहास लिहायचा होता. पण लिहायला बसल्यावर त्यांना वाटलं की राज्यं का उभी राहतात आणि का पडतात, हे समजल्याशिवाय इतिहास म्हणजे नुसती नावांची यादी. म्हणून त्यांनी आधी प्रस्तावना लिहिली. तीच मुकद्दिमा. १३७७ साली तिचा पहिला मसुदा अवघ्या पाच महिन्यांत पूर्ण झाला. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते.

मुकद्दिमाचे सहा भाग आहेत. पहिल्यात एकूण मानवी समाज आणि भूगोल. दुसऱ्यात टोळ्या आणि ग्रामीण जीवन. तिसऱ्यात राज्य आणि सत्ता. चौथ्यात शहरं. पाचव्यात रोजीरोटी, धंदे आणि कारागिरी. सहाव्यात विद्या आणि शिक्षण. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आपल्या अभ्यासक्रमाचा कागद शेजारी ठेवून बघावा. ग्रामीण, राजकीय, नागरी, आर्थिक, शिक्षणाचं समाजशास्त्र, ही नावं त्याला ओळखीची वाटतील.

त्यांच्या सगळ्या मांडणीच्या मध्यभागी एक शब्द आहे, असबिय्या. आपलेपणातून येणारी एकजूट, असा त्याचा अर्थ सांगता येईल. खडतर जागी राहणाऱ्यांना एकमेकांशिवाय जगताच येत नाही, म्हणून त्यांच्यात ही एकजूट घट्ट असते. तिच्या जोरावर ते शहर जिंकतात, राज्य उभं करतात. दीनची जोड मिळाली तर ती ताकद आणखी वाढते. मग सुखसोयी येतात. पहिल्या पिढीनं कष्ट भोगलेले असतात. दुसरीनं ते निदान बापाकडून पाहिलेले असतात. तिसरीला फक्त थाट माहीत असतो. साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे एकशेवीस वर्षांच्या आसपास, राज्य म्हातारं होतं आणि बाहेरून दुसरी टोळी येते.

हे समजायला सुलतान कशाला हवेत? आपल्या बाजारपेठेतली दुकानं बघा. आजोबांनी हातगाडी ढकलली. अब्बांनी गाळा घेतला, दोन भावांनी मिळून धंदा वाढवला. नातवाला वाटतं गाळा आणि गिऱ्हाईक आपोआपच असतात. मग वाटण्या होतात आणि शटर खाली येतं.

करांबद्दलही त्यांनी असंच बारकाईनं लिहिलं. राज्य नवं असताना कर कमी असतो, लोक उत्साहानं कमावतात आणि खजिना भरतो. राज्य जुनं झालं की दरबाराचा खर्च वाढतो, कर वाढवले जातात, लोकांचा कामातला रस जातो आणि खजिना रिकामा होतो. आजही अर्थशास्त्राच्या चर्चेत त्यांचं हे निरीक्षण सांगितलं जातं.

सगळंच त्यांचं बरोबर होतं असं नाही. हवामानावरून लोकांचे स्वभाव ठरवताना त्यांनी काळ्या आफ्रिकी लोकांबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं आणि अपमानकारकही. आपण त्यांचा आदर करतो म्हणून ते पान झाकून ठेवायचं कारण नाही. मोठ्यांचं म्हणणं तपासून घ्या, हे तर त्यांनीच शिकवलं आहे.

गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी

पालकांनी आणि शिक्षकांनी मुकद्दिमाचा सहावा भाग तरी जरूर वाचावा. इब्न खल्दून यांनी त्यात एक निरीक्षण नोंदवलं आहे. त्यांच्या काळात मोरोक्कोत मदरशातला अभ्यास सोळा वर्षं चालायचा, ट्युनिसमध्ये पाच वर्षं. तरी मोरोक्कोतले अनेक विद्यार्थी कच्चे राहायचे. कारण काय, तर ते वर्गात गप्प बसायचे. सगळा जोर पाठांतरावर. बोलणं नाही, वाद नाही, प्रश्न नाही. विषय हाताळण्याची सवय ही चर्चेतून लागते, असं त्यांचं मत होतं.

लक्षात घ्या, हे म्हणणारा माणूस स्वतः हाफिज होता. पाठांतराची किंमत त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तक्रार पाठांतराबद्दल नव्हती. ती तिथंच थांबण्याबद्दल होती.

विषय तीनदा शिकवावा, असंही त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा ढोबळ ओळख, दुसऱ्यांदा तपशील आणि मतभेद, तिसऱ्यांदा एकही अवघड जागा न सोडता. संक्षिप्त पुस्तकांचा सुळसुळाट झाल्यानं अभ्यास बिघडतो, अशी त्यांची तक्रार होती. गाईड तेव्हाही होती, फक्त हातानं लिहिलेली. आणि मुलांना मारझोड करू नये, हे त्यांनी फार स्पष्ट लिहिलं. धाकात वाढलेलं मूल खोटं बोलायला शिकतं, मनातलं लपवायला शिकतं आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होतो.

काहिरा: बुडालेलं जहाज आणि काझीची खुर्ची

किल्ल्यातून ते पुस्तकांसाठी ट्युनिसला परतले. तिथं हेवेदावे वाढले तेव्हा हजचं कारण सांगून त्यांनी १३८२ साली जहाज पकडलं आणि इजिप्त गाठलं. काहिरा पाहून ते थक्क झाले. अल-अजहरमध्ये त्यांनी शिकवायला सुरुवात केली. १३८४ साली सुलतान बरकूक यानं त्यांना मालिकी मजहबचे मुख्य काझी नेमलं.

कुटुंब अजून ट्युनिसमध्येच होतं. सुलतानानं मध्ये पडून त्यांची पाठवणी करवली. जहाज निघालं आणि इजिप्तच्या किनाऱ्याजवळ येऊन वादळात बुडालं. कुटुंब गेलं, साठवलेलं सगळं गेलं. सतराव्या वर्षी प्लेगनं घर नेलं होतं, आता बावन्नाव्या वर्षी समुद्रानं नेलं.

काझी म्हणून ते कडक होते. वशिले ऐकायचे नाहीत, खोट्या साक्षीदारांना सोडायचे नाहीत. त्यामुळे शत्रू वाढले आणि वर्षभराच्या आतच खुर्ची गेली. पुढे तीच खुर्ची त्यांना आणखी पाच वेळा मिळाली. मधल्या काळात त्यांनी हज केला, शिकवलं आणि ग्रंथात भर घालत राहिले.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग १४०१ सालचा. तैमूरनं दमिश्कला वेढा घातला होता. इजिप्तचा तरुण सुलतान फौज घेऊन आला आणि बंडाच्या बातमीनं परत गेला. इब्न खल्दून शहरातच अडकले. शहरातल्या मोठ्या लोकांची तैमूरशी बोलणी चालली होती. अडुसष्ट वर्षांचे हे विद्वान दोरानं शहराच्या तटावरून खाली उतरले आणि तैमूरच्या छावणीत गेले. तैमूरनं मगरिबबद्दल प्रश्नांचा भडिमार केला आणि सगळं लिहून मागितलं. त्यांनी ते लिहूनही दिलं. इब्न खल्दून यांनीही त्या माणसाला न्याहाळून घेतलं. जन्मभर ज्यावर लिहिलं ती टोळीची ताकद आता समोर बसलेली होती. जीव वाचला, पण दमिश्क वाचलं नाही. शहर लुटलं गेलं, उमय्या मशिदीला आग लागली. परतीच्या वाटेवर लुटारूंनी खुद्द इब्न खल्दून यांनाही अंगावरच्या कपड्यांसकट लुटलं.

१७ मार्च १४०६ रोजी काहिरामध्ये त्यांचा इंतेकाल झाला. जन्म रमजानचा, इंतेकालही रमजानचाच. बाब अल-नस्रच्या बाहेर सूफींच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आलं. त्या कबरीचा आज मागमूस नाही.

पुस्तक कुणी वाचलं?

काहिरामध्ये अल-मकरीझी यांच्यासारखा मोठा इतिहासकार त्यांचा शागिर्द झाला. नंतर तुर्कस्तानच्या उस्मानी विद्वानांनी मुकद्दिमा वाचली आणि अठराव्या शतकात तिचा तुर्की तर्जुमा केला. १८५७-५८ च्या सुमारास ती काहिरा आणि पॅरिसमध्ये छापली गेली आणि मग युरोपचे समाजशास्त्रज्ञ चकित झाले. इजिप्तचे ताहा हुसैन लहानपणीच दृष्टी गमावलेले. पॅरिसच्या विद्यापीठात त्यांनी इब्न खल्दून यांच्या सामाजिक विचारांवर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी त्यांना मार्गदर्शन मिळालं ते एमिल दुर्खाइम यांचं. आपल्या मुलांच्या पुस्तकात असलेले दुर्खाइम तेच.

आपल्याकडे हा विषय नवखा नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला आणि इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. देशात शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या शाखेचा एक मोठा भाग आपल्याच राज्यात घडला.

मग आपल्या घरात प्रश्न येतो, हे शिकून पुढे काय? समाजशास्त्र घेऊन स्पर्धा परीक्षा देता येतात, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करता येते, शिक्षण, संशोधन, पत्रकारिता, सामाजिक संस्था अशा वाटा आहेत. मेहनत लागते, सोपं काहीच नाही. पण आम्हाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा आपल्या शिक्षणाचं, नोकऱ्यांचं, कर्जाचं चित्र देशासमोर आलं. त्याआधी सगळे अंदाजानं बोलत होते. कुणी म्हणायचं यांचे लाड होतात, कुणी म्हणायचं यांना शिकायचंच नाही. कुणीतरी बसून मोजलं, तपासलं, तेव्हा खरं काय ते दिसलं. त्या समितीत एक समाजशास्त्रज्ञही होते.

पुढचं मोजमाप कोण करणार? आपल्या मोहल्ल्यातल्या मुली दहावीनंतर का थांबतात, कारागिरांची पोरं धंदा का सोडतात, घर भाड्यानं मिळायला त्रास का होतो, एकत्र राहणारी भावंडं वेगळी का होतात, हे प्रश्न आपल्याला रोज दिसतात. आपण त्यावर चहा पिता पिता बोलतो आणि उठतो. ते नीट विचारायला, लिहून काढायला आणि पुराव्यासकट मांडायला शिकलेली मुलं-मुली हवीत.

म्हणून यंदा तुमच्या घरातल्या मुलीनं समाजशास्त्राचं नाव काढलं, तर बैठकीत गप्प होऊ नका. फक्त तिच्याकडून एक वचन घ्या. गाईडवर पास होणार नाही, वर्गात गप्प बसणार नाही, आणि तीन वर्षांत निदान एकदा आपल्याच गल्लीचा नीट अभ्यास करून तो घरच्यांना वाचून दाखवणार. तो ऐकायला अब्बा, अम्मी आणि मामू सगळ्यांनी बसायचं. त्यात आपल्याला न आवडणारं काही निघालं, तरी उठून जायचं नाही.